फ्युजन हॉटेलात आई-बाबांना नेलं होतं... (नाशिक, गंगापूर रोड)

अर्धी भाकर (रविवार, सकाळी ९.४०)

शुक्रवारी आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली. आमच्याकडे असल्या दिवसांचा थाट ठरलेला असतो. सकाळी बाबा मुक्तिधामला जाऊन येतात, आई शिरा करते, संध्याकाळी कुणीतरी आइस्क्रीमचा फॅमिली पॅक आणतं, संपलं. यंदा ताई आणि दाजी पुण्याहून येणार होते आणि बायकोने एक रील पाहून ठेवलं होतं. त्यात सोलकढीच्या ग्लासातून धूर येत होता. ठरलं.

जेल रोडवरून गंगापूर रोडला पोचायला तासभर लागला. सिंहस्थाची कामं चालू आहेत, कोणता रस्ता कधी उकरलेला असेल सांगता येत नाही. बाबा गाडीत दोनदा म्हणाले, "एवढ्या वेळात त्र्यंबकला पोचलो असतो."

हॉटेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका जेवणावरून कुणाचा धंदा बसवायचा नाहीये. खासगी निरोपातही विचारू नका.

आत उजेड इतका मंद की बाबांनी मेन्यू वाचायला मोबाईलचा टॉर्च लावला. शेजारच्या टेबलावरच्या मुली वळून पाहायला लागल्या. ताई म्हणाली, "बाबा, बंद करा ना ते." आम्ही सगळे हसलो. त्यांनी टॉर्च बंद केला आणि मेन्यू माझ्याकडे सरकवला. "तूच सांग काय ते." मेन्यूत हिरवे आणि लाल ठिपके होते. बाबा माळकरी आणि आईही शाकाहारी, म्हणून आम्ही झाडून सगळं हिरवंच मागवलं.

आता पदार्थ.

धुराची सोलकढी आधी आली. बाबांनी ग्लासावर फुंकर मारली. त्यांना वाटलं गरम आहे. चवीला बरी होती, कोकम कमी, नारळाचं दूध डब्यातलं असावं. नागलीचे नाचोज आणि सोबत ठेच्याचं हमस: हे झकास. दाजी एकटेच अर्धी थाळी संपवून बसले.

मिसळ फॉन्ड्यू म्हणजे मेणबत्तीवर ठेवलेल्या चिमुकल्या भांड्यात चीज घातलेला रस्सा आणि लांब काट्यांना टोचायला पावाचे तुकडे. मटकी मोजून घ्यावी इतकी. दर रविवारी मखमलाबादकडे कुठल्यातरी मळ्यात जाऊन रस्सा तीनदा मागून घेणाऱ्या माणसांपुढे हे ठेवायचं म्हणजे धाडसच. बाबा म्हणाले, "काट्याने बुडवत बसण्यापेक्षा वाटीत ओतून दे."

मग पिठलं. एका खोलगट ताटलीत पिवळा फेस, त्यावर हिरव्या तेलाचे चार ठिपके, बाजूला भाकरीचा पापुद्रा खोचलेला. आईने चमच्याच्या टोकाने चाखलं, परत चाखलं. "हे पिठलं आहे? मग फोडणी कुठेय?" आणि चमचा खाली ठेवला.

यानंतर जे झालं त्यासाठी हा धागा काढलाय. भगरीचा रिसोटो आला. मऊ, ओलसर, चीज घातलेली भगर, खाली भाजलेला लाल भोपळा, वर तळलेली लसूण. बाबांनी एक घास घेतला आणि गप्प झाले. मग माझ्या ताटलीतलं मागितलं. मग, ज्या माणसाने आयुष्यात हॉटेलात दुसऱ्यांदा फक्त रस्सा मागितला असेल, त्याने वेटरला बोलावून सांगितलं, "ही भगर अजून एक आणा."

गोडाला पुरणपोळीचा चीजकेक. आईच्या मते पुरण यंत्रातून काढलेलं नव्हतं, मिक्सरमधलं होतं. पण जायफळ बेताचं होतं आणि सोबत घोटभर कटाची आमटी दिली होती, ती तिला आवडली.

बिल: खाण्याचे ६,४८० रुपये, त्यावर १० टक्के सेवा शुल्क ६४८, मग दोन्हींवर मिळून ५ टक्के जीएसटी. एकूण ७,४८४. सहा जणांचे. मी मुकाट्याने भरणार होतो, दाजींनी सेवा शुल्क काढायला लावलं. मॅनेजरने काढलं, पण चेहरा पाडून.

तर प्रश्न असा. एकाच स्वयंपाकघरातून पिठलं इतकं वाईट आणि भगर इतकी छान कशी येते? आणि तुमच्या घरच्या ज्येष्ठांना असल्या ठिकाणी नेलं तर काय अनुभव?

सातपूरकरीण (रविवार, सकाळी १०.०५)

फुंकर! डोळ्यांसमोर आलं सगळं. काकांना आणि काकूंना शुभेच्छा. घरी जाऊन मग पिठलं-भात टाकला असेल ना?

अर्धी भाकर (रविवार, सकाळी १०.११)

सगळे हेच विचारताहेत. नाही हो. घरी येऊन आई झोपली. सकाळी मात्र मला विचारलं, "भगरीत चीज कुठलं होतं रे?"

पंचवटी एक्सप्रेस (रविवार, सकाळी १०.३०)

साडेसहा हजारात मी मुंबईचा दोन महिन्यांचा पास काढून वर मनमाडपर्यंत वडे खाल्ले असते. असो. आपली चूक नाही, रील बघणाऱ्यांची आहे. (वहिनी इथे नसतील अशी आशा.)

खापरावरचा (रविवार, सकाळी ११.१५)

काय भो, पिठल्याचा फेस? आमच्याकडे पिठलं घट्ट, लसणाचं, आणि संगती कळण्याची भाकर. ज्वारी-उडदाची, काळसर. ती पापुद्र्यासारखी खोचून बघा म्हणा, ताटलीच फुटंल.

भटारखाना (रविवार, दुपारी ३.५०)

सहा वर्षं मुंबईत मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये होतो, आता नाशकातच आहे (ते हॉटेल नाही, आधीच सांगतो). दुपारची गर्दी संपली म्हणून लिहितो.

पिठल्याचं काय झालं असेल ते सांगता येईल. तो फेस सायफनमधून काढतात. स्टीलची बाटली असते, पातळ पदार्थ भरायचा, वर नायट्रस ऑक्साइडची छोटी नळकांडी लावायची, दाबलं की फेस. पण तोंड बारीक असतं. मोहरी किंवा जिऱ्याचा एक दाणा अडकला की बाटली तुंबते. म्हणून भरायच्या आधी सगळं बारीक गाळणीतून गाळतात. म्हणजे मोहरी गेली, जिरं गेलं, कढीपत्ता गेला, लसणाचे तुकडे गेले. उरलं काय? हळदीचं बेसन. काकूंनी एका चमच्यात नेमकं पकडलं. शिवाय फेसात निम्मी हवा असते, त्यामुळे तिखट-मीठ नेहमीपेक्षा जास्त लागतं. ते कुणी वाढवलं नसणार.

यावर उपाय आहे. फेस काढल्यावर वरून कडकडीत फोडणी ओतायची. पण मग फेस बसतो आणि फोटो बिघडतो. किचनमध्ये यावर भांडणं होतात हो, खरंच. आणि बहुतेक वेळा फोटो जिंकतो.

भगरीचं उलट आहे. रिसोटोला इटलीत जो तांदूळ लागतो त्याचं काम एवढंच, की ढवळताना पिष्ट सोडून रस दाट करणं, पण दाणा पूर्ण विरघळू न देणं. भगर हेच काम करते. पंधरा-वीस मिनिटांत शिजते, आणि पाणी जरा जास्त झालं तर कशी चिकट होते ते उपासाच्या दिवशी सगळ्यांनी पाहिलंय. तिथे दोष वाटतो तो इथे गुण. ज्याने हे सुचवलं त्याच्या घरी भगर शिजत असणार. पिठल्यावाल्याचं तसं वाटत नाही.

धुराबद्दल: तो ड्राय आइस, गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांच्या आसपास. ग्लास बाहेरच्या वेगळ्या भांड्यात ठेवून धूर काढला असेल तर ठीक. पेयातच खडा टाकून देत असतील तर स्पष्ट नाही म्हणा. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामला एका हॉटेलात मुखवास म्हणून चुकून ड्राय आइसच दिला गेला होता. खाणाऱ्यांच्या तोंडातून रक्त आलं, दवाखान्यात न्यावं लागलं.

कोरा चहा (रविवार, सायंकाळी ५.२०)

उत्तम प्रतिसाद, भटारखाना.

सेवा शुल्काबद्दल: दाजींनी बरोबर केलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, बिलात आपोआप सेवा शुल्क लावता येत नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने ही तत्त्वं कायम ठेवली. काढायला नकार दिला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यावर लागलेला जीएसटीही जातो, म्हणजे तुमचे ६८० रुपये वाचले. बाटलीबंद पाण्याचं मात्र तसं नाही. हॉटेलात बसून प्यायलात तर छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतात, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय. तिथे भांडू नका.

आता मूळ विषय. हे आकाशातून पडलेलं नाही. मुंबईत वाढलेले फ्लॉइड कार्डोज यांनी १९९८ मध्ये न्यूयॉर्कला 'तबला' उघडलं, भारतीय मसाले आणि पाश्चात्त्य पद्धत. दिल्लीत २००९ मध्ये 'इंडियन ॲक्सेंट' आलं, पुढच्या वर्षी बँकॉकमध्ये 'गगन'. २०१५ मध्ये मुंबईत 'बॉम्बे कँटीन', तिथेही कार्डोज होते. या लोकांनी पनीर-टिक्का सोडून घरातले, गावातले पदार्थ हॉटेलात आणले, हे त्यांचं खरं काम. धूर आणि फेस नंतरच्यांनी उचलला, कारण तो लवकर शिकता येतो.

बाकी फ्युजनला नावं ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की मिरची, बटाटा, साबुदाणा, पाव यातलं काहीच मूळचं इथलं नाही...

पंचवटी एक्सप्रेस (रविवार, सायंकाळी ५.३१)

आलं! मिरची-बटाटा-पाव आलं! खाण्याच्या प्रत्येक धाग्यावर कुणीतरी हे टाकतंच, मी घड्याळ लावून बसलो होतो. अहो, मिरचीला आपल्या फोडणीत रुळायला पिढ्या गेल्या. या फेसाला पंधरा दिवस झालेत.

कोरा चहा (रविवार, सायंकाळी ५.४०)

मंचुरियनला किती पिढ्या लागल्या? १९७५ च्या सुमाराला मुंबईत नेल्सन वांग यांनी चिकन मंचुरियन काढलं. आज कॉलेज रोडला गाडीवर शेजवान डोसा खाताना कुणाला आठवतंय? तुम्हीच खाता, मला माहितीये.

पंचवटी एक्सप्रेस (रविवार, सायंकाळी ५.४४)

खातो. पण साठ रुपयांत.

दिंडोरीचा मळेवाला (रविवार, रात्री ८.३०)

एक बारीक तक्रार. अभांनी (अर्धी भाकर यांनी) लिहिलं नागलीचे नाचोज, ते मेन्यूतही तसंच होतं का? मागे आम्ही अशाच एका ठिकाणी गेलो होतो, तिथे 'रागी' लिहिलं होतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडून येणारी नागली, नाशकात बसून खायची, आणि नाव बंगळुरूचं. वरईचंही तेच, तिचं एकदम 'लिटल मिलेट' होतं. त्या डोंगरात भर पावसात लावणी करणाऱ्या बाईला जाऊन विचारा रागी म्हणजे काय, ती तुम्हालाच चहा पाजून परत पाठवेल.

भगर तर आपल्या नाशिकची. इथल्या गिरण्यांतून सगळीकडे जाते. तिला कुणी मानाने ताटात घातलं असेल तर मला चीज चालेल, मी काय म्हणतो.

अर्धी भाकर (रविवार, रात्री ८.५२)

पकडलंत. मेन्यूत 'रागी'च होतं. नागली हे माझं भाषांतर.

मोरपंखी (रविवार, रात्री १०.१५)

धागा छान चाललाय, पण एक शंका. अभा, रिसोटोत साधारणपणे पांढरी वाईन घालतात. तांदूळ परतून झाला की आधी वाईन, ती आटली की मग रस. तुमच्या वडिलांना माळ आहे असं लिहिलंय म्हणून विचारते. विचारलं होतं का तुम्ही?

भटारखाना (रविवार, रात्री ११.०५)

हे मी दुपारीच लिहायला हवं होतं. माझ्या डोक्यात भगर होती, काका माळकरी आहेत हे वाचूनही लक्षात आलं नाही. हो, बहुतेक ठिकाणी घालतात. चीजचंही एकदा विचारून घ्या. अस्सल इटालियन पार्मेसान वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) विरजतात. पण ते महाग पडतं, आपल्याकडे बहुतेक जण देशी वापरतात, आणि हिरवा ठिपका असलेलं देशी चीज सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटचं असतं.

अर्धी भाकर (सोमवार, दुपारी १२.२०)

फोन केला. चीज देशी आहे, हिरव्या ठिपक्याचं.

वाईन आहे. मॅनेजर अगदी अभिमानाने म्हणाला, "हो सर, आपल्या नाशिकचीच शेनिन ब्लाँ वापरतो. मेन्यूत लिहिलेलं आहे."

बायकोने मेन्यूचा फोटो काढला होता. मोठा करून पाहिला. पदार्थाच्या नावाखाली राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत ओळ आहे: भाजलेला भोपळा, शेनिन ब्लाँ रिडक्शन, लसूण. मी ती त्या रात्री वाचलीही होती. खरं सांगतो, मला वाटलं शेनिन हे कुठलंतरी चीज आहे.

पंचवटी एक्सप्रेस (सोमवार, दुपारी १२.२८)

नाशिकचा असून शेनिन माहीत नाही! १९९९ पासून गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाचे मळे आहेत, सगळं मुंबई-पुणं येऊन पिऊन जातं, आणि नोट प्रेसच्या कॉलनीत वाढलेला हा बाळ...

अर्धी भाकर (सोमवार, दुपारी १२.३३)

हसा. मी घेत नाही, घरात कुणी घेत नाही. मॉलमध्ये पाहिली असेल बाटली, नाव कोण वाचतं. आणि प्रेसच्या कॉलनीत वाढलो नाही, बाबा प्रेसमध्ये होते हे मी दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतं, लक्षात ठेवलंत म्हणून आभार.

पण आता मला खरंच कळत नाहीये. बाबांना सांगू का? २२ वर्षं माळ आहे. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी त्र्यंबकला जातात. आणि तीच भगर त्यांनी दोनदा मागून खाल्ली, माझ्या हाताने मी वाढली.

पंचवटी एक्सप्रेस (सोमवार, दुपारी १२.५०)

आता थट्टा बाजूला. नका सांगू. नकळत झालं, त्यांना दोष नाही, तुम्हाला नाही. ४० वर्षांच्या वाढदिवसाची आठवण कशाला नासवायची?

भटारखाना (सोमवार, दुपारी ४.१०)

थोडा हिशोब देतो, उपयोग होईल तर बघा. एका प्लेटला आम्ही साधारण ४० मिली वाईन घालतो. १२ टक्के धरले तर अल्कोहोल पाच मिलीच्या आत. 'शिजवलं की सगळं उडून जातं' हे मात्र खरं नाही, आमच्या किचनमध्येही निम्म्या लोकांना तसं वाटतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता आहे, त्यानुसार १५ मिनिटं शिजवल्यावर ४० टक्के उरतं, तासाभराने २५ टक्के, अडीच तासांनीही ५ टक्के. म्हणजे तुमच्या प्लेटमध्ये दोन मिलीच्या आसपास राहिलं असेल.

रविवार कारंजा (सोमवार, सायंकाळी ६.४५)

मी क्वचित लिहितो. मलाही माळ आहे.

माळेला मिली कळत नाहीत. दोन काय आणि वीस काय. पण नकळत घडलं त्याला कुणी माळकरी दोष देणार नाही. कीर्तनात, फडावर कुठेही विचारा. तुमच्या वडिलांना दोष आहे की नाही हा प्रश्नच नाही. तो ठरवायचा अधिकार कुणाचा, हा आहे. त्यांचं व्रत, त्यांनी ठरवावं. नामस्मरण वाढवायचं, एक एकादशी निर्जळी करायची, की काहीच करायचं नाही. तुम्ही परस्पर 'काही नाही झालं' असं ठरवलंत तर त्यांचं व्रत तुम्ही चालवताय.

शिवाय उद्या ते पुन्हा म्हणतील, "चला, ती भगर खाऊन येऊ." मग काय सांगाल?

सातपूरकरीण (सोमवार, रात्री ९.००)

रविवार कारंजा काकांशी सहमत. आमच्याकडचं सांगते. माझ्या आजीने एका बारशाला केक खाल्ला होता, त्यात अंडं होतं. घरात सगळ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं, तिला कुणी सांगितलं नाही. तीन वर्षांनी एका आतेबहिणीच्या तोंडून निसटलं. आजी अंड्याबद्दल एक शब्द बोलली नाही. "तीन वर्षं तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं?" एवढंच म्हणाली. त्यानंतर कुणाच्याही घरी गेली तरी ताटातलं एकेक उचलून विचारायची, हे काय, ते काय. आधी कधी विचारत नव्हती.

मोरपंखी (सोमवार, रात्री ९.४०)

माझ्यामुळे हे सुरू झालं म्हणून अपराधी वाटतंय. पण एक लिहिते. पिठलं म्हटलं की त्यात काय असतं ते आपल्याला न वाचता माहीत असतं. मिसळ, पुरणपोळी, तसंच. नावातच घटक आलेले असतात, म्हणून आपल्याला मेन्यू वाचायची सवयच नाही, आपण फक्त किंमत वाचतो. दोन स्वयंपाकघरं एकत्र केली की नाव तेच राहतं आणि आतलं बदलतं. भगर म्हटल्यावर त्यात दारू असेल असं कुठल्या माळकऱ्याच्या मनात येईल? उलट भगर म्हणजे उपासाचं, तिथे माणूस जास्तच बेसावध. आणि हिरव्या ठिपक्याने काही कळत नाही, वाईन द्राक्षाचीच असल्याने ती हिरवीच.

गोडातही हाच घोटाळा आहे. मूस, पन्ना कोटा यात जिलेटिन असू शकतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं. अगार-अगार समुद्री शेवाळाचं. चवीवरून कळत नाही, विचारावंच लागतं. मी वेटरला विचारते, तो "प्युअर व्हेज मॅडम" म्हणतो, मग मी म्हणते, "किचनमध्ये विचारून या." पाचातल्या दोन वेळा तो चेहरा बदलून परत येतो.

दिंडोरीचा मळेवाला (सोमवार, रात्री १०.२०)

आमच्या गल्लीत तीन घरं माळकरी आणि तिघांच्याही मळ्यात वाईनची द्राक्षं. खायच्या द्राक्षापेक्षा बारीक मणी, जाड साल, आत बी. कंपनीशी करार असतो. माझे चुलते सकाळी हरिपाठ म्हणतात आणि मग शेनिनची छाटणी बघायला जातात. विकायची, प्यायची नाही. त्यांना विचारलं तर म्हणतात, "मी द्राक्ष पिकवतो, पुढचं त्यांचं ते बघतील." नाशिक असंच आहे. सांगून टाका अभा, तुमचे वडील आपल्याला वाटतं त्यापेक्षा घट्ट असतील.

खापरावरचा (सोमवार, रात्री १०.३५)

सांगा भो. आन् काय म्हणले ते आम्हाले बी सांगा.

कोरा चहा (मंगळवार, सकाळी ९.१०)

मॅनेजरची बाजू म्हणून: त्याने लिहिलं होतं, लपवलं नव्हतं. इंग्रजीत, बारीक, अंधारात, हे सगळं खरं. पण बुकिंग करताना आपणही एक वाक्य बोलायला हवं, आमच्यात असं-असं चालत नाही. चांगल्या ठिकाणी फोनवरच हे विचारतात.

भटारखाना (मंगळवार, दुपारी ४.३०)

कोरा चहा, पटलं. आणि वाईनशिवाय होतं हो ते. वाईनचं काम तिथे आंबटपणा आणणं, चीज-लोण्याचा जडपणा कापणं. ते ताकाने होईल, पनीर केल्यावर उरलेल्या निवळीने होईल, उन्हाळ्यात कैरीच्या पाण्याने तर फारच छान होईल. सांगितलं असतं तर काकांची प्लेट पाच मिनिटांत वेगळी करून दिली असती. रोज करतो आम्ही.

अर्धी भाकर (गुरुवार, रात्री १०.५०)

उशीर झाला, क्षमस्व. मंगळवारी हिंमत झाली नाही. बुधवारी सकाळी सांगितलं.

बाबा पेपर वाचत होते. मी म्हटलं, "परवाच्या त्या भगरीत वाईन होती." त्यांनी पेपर खाली घेतला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, बराच वेळ पुसला. आई स्वयंपाकघरातून दाराशी येऊन उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

"नाही."

"लिहिलेलं होतं?"

"होतं. बारीक अक्षरांत."

"मग मी टॉर्च लावून काय करत होतो?"

मला काही बोलताच आलं नाही. ते पुढे म्हणाले, "तुम्ही सगळे हसलात. मी बंद केला." आणि पेपर वर घेतला. वाईनबद्दल पुढे एक शब्द नाही. बुधवारी दिवसभर जेवले नाहीत, फक्त पाणी. संध्याकाळी सोसायटीतल्या हरिपाठाला नेहमीपेक्षा अर्धा तास आधी जाऊन बसले. ताईला फोन करून सांगितलं, ती रडली. ती उद्या पुन्हा येतेय.

आज सकाळी आईने भगर केली. भटारखान्यांनी लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं होतं. भोपळा चुलीवर नाही, गॅसवर जाळी ठेवून भाजला, चीजऐवजी साय, आणि ताक. ती जरा चिकटच झाली होती, दिसायला काही खास नाही. बाबा जेवायला बसले. घास उचलला, थांबले, आणि म्हणाले, "हिच्यात काय काय आहे?"

४० वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आईला हे विचारलं.

आई म्हणाली, "टॉर्च आणू?"

सातपूरकरीण (गुरुवार, रात्री ११.०२)

काकूंना दंडवत!!!

रविवार कारंजा (शुक्रवार, सकाळी ६.१५)

रामकृष्णहरी.

मोरपंखी (शुक्रवार, सकाळी ८.४०)

अभा, ताक नेमकं कधी घातलं? माझं काल फाटलं.

भटारखाना (शुक्रवार, दुपारी ४.०५)

गॅस बंद केल्यावर. आणि ताक फ्रिजमधलं गार नको, आधी तासभर बाहेर काढून ठेवा.